टिटवीच्या दारातलं पळसाचं फूल

एका माळाच्या पायथ्याशी एक रान होतं, आणि त्या रानात एक टिटवी आणि तिचा टिटवा, एक म्हातारा बैल आणि एक कुत्री अशी तीन बिऱ्हाडं राहत असत. फार गोडीगुलाबीनं राहत असत असं नाही, पण आपापल्या जागी राहत असत.

आता बाळांनो, हे रान काही बेवारस नव्हतं. त्याला धनी होता. चारी बाजूंनी बांध होता, बांधावर बोराटीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि कुंपणाला बाभळीच्या फोकांचं कवाड होतं. आत यायचं तर विचारून यायचं, ही रीत. धनी हरभरा काढून घेऊन गेला होता. नांगरट सुरू होईपर्यंत तो फक्त सकाळी यायचा, वैरणपाणी करून घरी जायचा. तो गेला की रान बैलाच्या हवाली.

टिटवीनं हरभऱ्याच्या धसकटांमध्ये, उघड्या जमिनीवर, चार खडे आणि चार लेंड्या गोळा करून आपलं घर मांडलं होतं. देवानं तिला घरटं विणायला शिकवलं नाही, पण ओरडायला मात्र भरभरून शिकवलं. त्या घरात चार अंडी होती, ढेकळांच्या रंगाची, टोकं आत आणि बुडं बाहेर करून ठेवलेली. तुम्ही पायाशी बघितलं असतं तरी तुम्हाला ढेकूळच दिसलं असतं. फाल्गुनातलं ऊन म्हणजे तव्यावरची धग. टिटवी विहिरीजवळच्या, गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची, म्हणजे अंडी तापू नयेत. ती डोणीवर गेली की टिटवा बसायचा. तो आला की ती. क्षणभर अंडी उघडी राहायची नाहीत.

शिमगा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी कवाडाशी गलका झाला. गावाबाहेरच्या चिंचेच्या बनातली पंधरा-सोळा वानरं आली होती. पुढे त्यांची थोरली वानरी. तिला सगळी माई म्हणत. माईला कशाचीही हौस लागली की ती एकटीला लागत नसे, सगळ्या टोळीला लागायची. या वसंतात तिला पाखरं बघायची हौस लागली होती. आज या रानात, उद्या त्या रानात. कुणी किती जातीची पाखरं बघितली, यावरून चिंचेवर भांडणं व्हायची.

त्यांना वाट दाखवायला कोल्हा होता. तो मात्र कवाडाच्या आत आला नाही. बाहेर पळसाच्या झाडाखाली बसला आणि म्हणाला, "तुम्ही जा, माई. माझ्या वासानं पाखरं बिथरतात. मी आपला बोरं खात बसतो. हल्ली बोरांवरच आहे मी. फक्त माझं एक ऐका. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. आणि घरटं दिसलं की शेजारी पळसाचं एक फूल ठेवायचं. लालभडक असतं, लांबून दिसतं. मागून येणाऱ्याचा पाय पडायला नको बिचाऱ्या अंड्यांवर."

"किती विचार करतो हो हा," माई म्हणाली, आणि सगळ्या वानरांनी फुलं खुडून मुठीत घेतली.

कवाडाशी बैल उभा होता. माईनं त्याला बैलकाका म्हटलं. तो विचारात पडला तेवढ्यात दोन वानरं त्याच्या पाठीवर चढली आणि कानामागच्या गोचिड्या काढायला लागली. त्या कानात गेल्या दिवाळीपासून कुणी बोट घातलं नव्हतं. बैलाचे डोळे मिटले.

"धनी घरी आहेत," तो म्हणाला. "पण धनी नसले की मीच. जा, बघा. डावीकडच्या पण काढा जरा."

टिटवीनं त्यांना शंभर पावलांवरून बघितलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उडाली, त्यांच्या डोक्यावरून घिरट्या घालत ओरडायला लागली. "कोण तुम्ही? कुणाला विचारून आलात? मागे फिरा. पाय उचला. हे माझं घर आहे."

वानरांना तिची भाषा कळत होती, बरं का. रानात सगळ्यांची भाषा सगळ्यांना कळते. पण ऐकायला आलेलंच कोण होतं? ती तर बघायला आली होती.

"काय सुरेख ओरडते," एक वानर म्हणालं.

"डोळ्याजवळचं ते लाल बघितलंत का? रागावली की जास्त लाल होतं म्हणे."

"मग अजून थोडी रागावू दे," तिसरं म्हणालं, आणि सगळी हसली.

टिटवी जिथं जास्त ओरडते तिथं तिचं घर, एवढं माईला ठाऊक होतं. ती सरळ चालत आली. टिटवा अंड्यांवरून उठला, पंख लुळा पडल्याचं सोंग करून लंगडत दुसरीकडे निघाला. असं केलं की कुत्रं-मांजर मागे लागतं. वानरं मागे लागली नाहीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी अंड्यांभोवती कडं केलं आणि खाली वाकून बघत बसली. ऊन डोक्यावर आलं. अंडी उघडी. टिटवी वर ओरडून ओरडून घोगरी झाली. तिला आत येऊ देईल एवढीही फट त्या कड्यात नव्हती.

उठताना माईनं अंड्यांच्या शेजारी एक फूल ठेवलं. कुणी हात लावला नाही, कुणी ढेकूळसुद्धा हलवलं नाही. जाताना माई वर बघून म्हणाली, "येतो हं ताई. फार छान आहेत तुझी अंडी."

टिटवी खाली उतरली, पोट भिजवून आली, अंड्यांवर बसली. बऱ्याच वेळानं अंडी निवली. टिटवा म्हणाला, "जाऊ दे. गेली ती."

"गेली म्हणजे? आली कशी, ते बोल."

"नेलं तर काही नाही त्यांनी."

"तू गप बस."

दिवस मावळायला टेकला. रानभर तांबूस उजेड होता. कुंपणाच्या एका फटीतून कोल्हा आत शिरला. त्यानं इकडे हुंगलं नाही, तिकडे हुंगलं नाही. सुईत दोरा ओवावा तसा सरळ त्या फुलाकडे आला. टिटवी त्याच्या डोळ्यांवर झेपावली, टिटव्यानं त्याच्या पाठीत चोच मारली. कोल्ह्यानं मान खाली घातली आणि चारही अंडी तिथंच, ज्यांची होती त्यांच्यासमोर, फोडून खाल्ली. गोठ्यातून कुत्री भुंकत निघाली. पण ती तेव्हा पोटुशी होती, जड होती. ती येईपर्यंत कोल्हा फटीतून बाहेर पडला होता.

टिटवी आधी बैलाकडे गेली.

"तू त्यांना आत सोडलंस."

बैल रवंथ करत होता. "सोडलं. पण पोरी, मी डोळ्यांनी बघितलंय. रिकाम्या हातांनी आली, रिकाम्या हातांनी गेली. तुझी अंडी कोल्ह्यानं खाल्ली. वानरांचा काय संबंध?"

"हे रान तुझं आहे?"

"धन्याचं आहे."

"धन्यानं तुला सांगितलं होतं, येईल त्याला आत घे म्हणून?"

बैलानं शेपटीनं एक माशी उडवली. माशी नव्हतीच तिथं.

"माझी चार लेकरं गेली," टिटवी म्हणाली, "आणि तुझे कान साफ झाले. चांगला सौदा केलास, काका." आणि ती उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिंचेच्या बनात पोचली. वानरं फांद्यांवर बसून कोवळी पानं खात होती. टिटवी झाडावर बसू शकत नाही, तिच्या पायाला फांदी धरायचं बोटच नाही. म्हणून ती खाली धुळीत उभी राहिली आणि मान वर करून बोलायला लागली. बोलली म्हणजे बोललीच. काल काय झालं ते सगळं सांगितलं.

"अरेरे," माई म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. "पण ताई, आम्ही पाला खाणारी जात. अंडं कधी तोंडात धरलं नाही आम्ही. कोल्ह्याचं पोट आहे, त्याला आपण काय करणार? निसर्ग आहे."

"निसर्ग कोण?" टिटवी म्हणाली. "कुठं राहतो तेवढं सांग. त्यालाही जाऊन बोलते."

वरच्या फांदीवर कुणीतरी खुदकन हसलं. टिटवीनं तिकडे बघितलं. एक वानरी लेकराला पाजत बसली होती.

"तुझं लेकरू आहे ना ते? मग उद्या आम्ही पंधरा टिटव्या येतो. तुझ्या लेकराच्या तोंडाजवळ तोंड नेऊन दुपारभर बघत बसतो. तुला जवळ येऊ देत नाही. हात नाही लावणार. चालेल?"

वानरीनं लेकराला छातीशी घट्ट धरलं. माईचा चेहरा कडवट झाला.

"बोलणं जरा बेतानं, ताई. आम्ही प्रेमानं येतो."

"प्रेमानं येणारा दारात उभा राहून हाक मारतो," टिटवी म्हणाली. "आत शिरत नाही."

परत येताना तिचं डोकं तापलेलंच होतं, पण राग आला की टिटवीला जास्त दिसतं. चंडोलाचं घरटं तिला वरून दिसलं. रिकामं. शेजारी कोमेजलेलं पळसाचं फूल. बांधाच्या खाली तित्तिराचं घरटं, तेही रिकामं. तिथंही फूल. ती खाली उतरली. मातीत कोल्ह्याच्या पावलांचे ठसे होते, आणि ते एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरी ताणल्यासारखे सरळ गेले होते. जो हुंगत शोधतो तो वाकडातिकडा फिरतो, आणि तोवर कुत्री येते. हा फिरलाच नव्हता. पंधरा जोडी डोळे दिवसभर याच्यासाठी शोधत होते, आणि हा पळसाखाली बसून बोरं खात होता.

टिटवी तिथंच उभी राहिली. ओरडलीसुद्धा नाही. टिटवा दुरून बघत होता, त्याला तिच्या ओरडण्याची भीती कधीच वाटली नव्हती. त्या दिवशी तिच्या गप्प राहण्याची वाटली.

दिवस गेले. टिटवीनं पुन्हा चार अंडी घातली. जागा बदलली, जरा उंचावर, विहिरीच्या बाजूला. नांगरट जवळ आली होती. ही अंडी गेली असती तर त्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा घालायला ना तिच्या अंगात बळ होतं, ना रानात मोकळी जमीन राहणार होती. हीच शेवटची.

पाडवा झाला आणि वानरांचा निरोप आला, परवा येतो. टिटवी बैलाकडे गेली.

"नाही म्हण त्यांना."

बैलानं पाय बदलला. "शब्द दिलाय गं मी. आणि या खेपेला ती शेपटीच्या मुळाशी पण..."

"पुरे," टिटवी म्हणाली. "तुझ्या शेपटीचं कौतुक मला नको सांगूस."

मग ती कधी नव्हे ते कुत्रीकडे गेली. आता हे दोघींचं नातं कसं, ते ऐका. कुत्री रानातून कुठंही निघाली की टिटवी तिच्या डोक्यावर ओरडत जायची, आणि कुत्री तिला मनातल्या मनात शिव्या द्यायची. असं दोन वर्षं चाललं होतं. कुत्रीला आठवड्यापूर्वी पाच पिल्लं झाली होती. पिल्लं झाल्यावर ती गोठा सोडून कडब्याच्या गंजीखाली, पलीकडच्या अंगाला गेली होती. हे फक्त रानातल्यांना माहीत होतं. कोल्हा तिला अजून गोठ्यातच समजत होता.

टिटवी दहा हातांवर उभी राहिली. कुत्रीनं दात दाखवले.

"पुढे येऊ नकोस."

"येत नाही. इथूनच बोलते."

"तू रोज माझ्या डोक्यावर ओरडतेस."

"ओरडते. उद्याही ओरडेन. तुझे पाय माझ्या घराजवळून जातात."

"मग आज काय काम काढलंस?"

टिटवीनं फुलाची गोष्ट सांगितली. कुत्री ऐकत होती. पाच पिल्लं तिच्या पोटाशी लोंबत होती आणि ती सावकाश कान टवकारत होती.

"त्या दिवशी माझ्या हातून निसटला तो," ती शेवटी म्हणाली. "मला अजून झोप नाही त्याची." मग पिल्लांकडे बघून म्हणाली, "आज तुझी अंडी. माझ्या पिल्लांचे डोळे अजून उघडले नाहीत. त्याला ती अंड्यांएवढीच सोपी."

"तेच म्हणते मी."

"भुंकू नको म्हणतेस?"

"चकार शब्द नको. तो जवळ येईपर्यंत श्वाससुद्धा हळू घे."

"आणि तू?"

"मी ओरडेन," टिटवी म्हणाली. "मी ओरडले नाही तर त्याला संशय येईल."

ठरलेल्या दिवशी वानरं आली. कोल्हा बाहेर पळसाखाली बसला. बैलानं कान पुढे केला. टिटवी डोक्यावर ओरडायला लागली, टिटवा लंगडला, वानरांनी कडं केलं. त्या दिवशीचा तिचा राग सोंगाचा होता असं समजू नका. सोंग फक्त टिटव्याच्या पंखाचं होतं.  पण या खेपेला ती रागाच्या आत कुठंतरी शांत होती. ती वाट बघत होती.

माईनं फूल ठेवलं. वानरं उठली.

पण घरी गेली नाहीत. बांधावरच्या आंब्यावर चढून बसली, कारण भांडण जुंपलं होतं. एक म्हणे मी एकोणीस जातीची बघितली, दुसरं म्हणे तू भारद्वाज दोनदा मोजलास. माई निवाडा करत बसली. निवाडा काही होईना आणि ऊन उतरत आलं.

इकडे टिटवीनं ते फूल चोचीत धरलं. एवढ्याशा चोचीला ते जड होतं, दोनदा पडलं. ओढत, उचलत, तिनं ते गंजीपाशी नेलं आणि कडब्याचा पाचोळा पडला होता तिथं ठेवलं. टिटवा खऱ्या अंड्यांवर जाऊन बसला. टिटवी फुलाशेजारी रिकाम्या जमिनीवर बसली. पिसं फुगवली, पोट खाली दाबलं, जणू खाली चार अंडी आहेत.

तांबूस उजेड झाला. कोल्हा फटीतून आला. वारा त्याच्या पाठीमागून होता, म्हणून समोरचा कुत्रीचा वास त्याला लागला नाही. लागला असता तरी त्यानं हुंगलं असतं की नाही कोण जाणे. फूल दिसत असताना नाकाला कशाला त्रास द्यायचा, अशी त्याला सवय लागली होती. तो सरळ आला. टिटवी उडाली आणि ओरडायला लागली.

"ओरड," कोल्हा म्हणाला. "मागच्या खेपेलाही ओरडलीस. कोण आलं?"

आणि त्यानं पाचोळ्यात तोंड घातलं.

कुत्री गंजीखालून निघाली ती भुंकत नाही निघाली. पहिला आवाज झाला तो कोल्ह्याचा. तिनं त्याचा कान धरला आणि झाडला. कोल्हा उलटा झाला, सुलटा झाला, त्याच्या तोंडाला कडबा आणि ते फूल तसंच चिकटलेलं. टिटवीनं वरून त्याच्या नाकावर झडप घातली. मग तो पळाला. फट विसरला, कवाड विसरला, सरळ बोराटीच्या काट्यांत घुसला आणि अर्धा कान रानात ठेवून पलीकडे गेला. त्या दिवसानंतर तो त्या शिवारात दिसला नाही.

आंब्यावरचं भांडण थांबलं होतं. सगळी वानरं बघत होती. या खेपेला खरंच बघत होती. कोल्हा कुंपणातून जाताना त्याच्या तोंडाचं लाल फूल गळून बांधावर पडलं, बरोबर आंब्याच्या बुंध्याशी. माई खाली उतरली. फूल उचललं. तिचंच फूल. देठाला तिच्या नखाची खूण होती.

टिटवी समोर येऊन उभी राहिली.

"आम्ही फक्त..." माई म्हणाली.

"बोल की. फक्त काय?" टिटवीचा आवाज चढला नाही. "फक्त बघितलं. फक्त फूल ठेवलं. चंडोलाची तीन, तित्तिराची सहा, माझी चार. तुझ्या एकोणीस जातींचा हिशोब होतो, यांचा कोण करणार? तुझ्या टोळीत पंधरा जोडी डोळे आहेत माई. एकानं तरी एकदा मागे वळून बघायचं होतं, आपण गेल्यावर तिथं कोण येतं ते."

 लेकराला पाजणारी ती वानरी सगळ्यात आधी झाडावरून उतरली आणि खाली मान घालून कवाडाबाहेर गेली. मग एकेक करून बाकीची. आपापल्या मुठीतली उरलेली फुलं त्यांनी कवाडाबाहेर, पळसाच्या बुंध्याशी टाकली. माई शेवटी गेली. तिनं माफी मागितली. टिटवी म्हणाली, "ऐकली." दिली असं ती म्हणाली नाही. का द्यायची? चार अंडी माफीनं परत उबत नाहीत.

बैलानं हे सगळं गोठ्यातून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला, सावकाश विहिरीकडे आला आणि अंड्यांपासून चार पावलांवर असा उभा राहिला की त्याची सावली बरोबर त्यांच्यावर पडावी. टिटवी त्याच्यावरही ओरडली. तो हलला नाही.

"कान खाजतोय का, काका?" ती म्हणाली.

"खाजतोय," बैल म्हणाला, आणि उभाच राहिला. ऊन कललं की तोही तेवढाच कलायचा. रोज. टिटवीच्या डोणीवरच्या फेऱ्या कमी झाल्या. पाचव्या दिवशी तिनं ओरडणं बंद केलं.

मग धनी औत घेऊन आला. घरून आणलेल्या दुसऱ्या बैलाच्या जोडीला त्यानं या म्हाताऱ्या बैलाला नांगराला जुंपलं. जमिनीत एकामागून एक रेघ ओढत नांगर विहिरीकडे आला, आणि म्हातारा बैल थांबला. धन्यानं शेपटी पिरगाळली, हलला नाही. धनीण मागून दगड वेचत येत होती. ती पुढे येऊन वाकली.

"अहो, थांबा. टिटवीचं घर आहे. अंडी उंचावर घातलीत यंदा."

"मग पाऊस बरा होणार," धनी म्हणाला. त्यानं बोराटीच्या चार काटेरी फांद्या तोडून अंड्यांभोवती गोल रोवली, आणि नांगर वळसा घालून पुढे नेला. काळ्या नांगरटीच्या मधोमध तेवढी एक जागा करडी राहिली, चटईएवढी.

वैशाख लागायच्या आदल्या दिवशी कवाडाबाहेर माई आली. बरोबर दोघंच. बैल पुढे झाला. दोघांनी त्याच्या कानाकडे हातही नेला नाही.

"मला नका विचारू," बैल म्हणाला. "तिला विचारा."

माईनं कवाडाबाहेरूनच हाक मारली. "टिटवीताई, आत येऊ का?"

"आज नाही," टिटवी म्हणाली.

"बरं," माई म्हणाली, आणि तिघं परत गेली. टिटवी त्यांच्या पाठमोऱ्या शेपट्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिली. आपण ओरडलो नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्यांतून टकटक ऐकू आली. आधी एक, मग दोन, मग चारही. लोकरीच्या गुंड्यांसारखी चार पिल्लं बाहेर पडली, लांब पायांवर डुलत, आणि अंग सुकायच्या आत चालायलासुद्धा लागली. टिटव्यानं मोजली, पुन्हा मोजली. चार. टिटवी पुढे, मागे चार पिल्लं, सगळ्यात शेवटी टिटवा, अशी ती सहाजणं काट्यांच्या कुंपणातून निघून नांगरलेल्या रानातून डोणीकडे पाणी प्यायला गेली. वाटेत गंजीखाली कुत्री पिल्लांना चाटत होती. तिनं मान वर केली. टिटवी तिच्यावर ओरडली, ठरल्याप्रमाणे. चारही पिल्लं आईचा आवाज ऐकून ढेकळांत अशी दबली की त्यांच्या बापालासुद्धा ती दिसेनात.

तात्पर्य : ज्याचं घर त्याला विचारल्यावाचून त्याच्या दारात जाऊ नये; आणि आपण काही नेलं नाही म्हणून आपल्यामुळे कुणाचं काही गेलं नाही असं मानू नये, आपल्या पाऊलखुणांवरून मागून कोण येतं तेही बघावं.